दुरुस्तीनंतरचा आवाज : एरंडोल परिसरातील जीप आणि तिचे मिस्त्री

जळगाव जिल्ह्यात अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हे तालुक्याचे गाव रेल्वेच्या वाट्याला कधी आले नाही. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात खानदेशातून गेला तो गावाच्या दक्षिणेस म्हसावदवरून, आणि पुढे सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून आलेला दुसरा फाटा उत्तरेस धरणगाव-पाळधीवरून जळगावास मिळाला. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरने एरंडोलची नोंद घेतली ती धुळ्याशी आणि म्हसावद स्थानकाशी खडीच्या सडकेने जोडलेले, एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेले, कापूस, नीळ आणि धान्य यांचा बऱ्यापैकी व्यापार असलेले गाव म्हणून. १९०१च्या शिरगणतीत त्याची वस्ती बारा हजारांच्या आत होती. जे काही आले-गेले ते सडकेने, आणि पुढे धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव या क्रमाने जाणारी हीच सडक सुरतेकडून नागपूर व कलकत्त्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६चा भाग झाली. अशा गावात वाहन बंद पडले की पर्याय नसतो, आणि म्हणून वाहन बंद पडण्याआधी त्याच्या आवाजावरून दुखणे ओळखणारा कारागीर येथे केवळ गॅरेजचा मालक न राहता गावाच्या दळणवळणाचाच एक आधार झाला. या कारागिराच्या विद्येचा सर्वांत अवघड भाग म्हणजे जुन्या जीपमध्ये दुरुस्तीनंतर उद्भवणाऱ्या आवाजाचे निदान; तो भाग समजून घेण्यासाठी जीप या भागात कशी आली, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि तिच्या पोटात काय काय बदलले गेले, हे पाहावे लागते.

यंत्राचा आवाज ऐकून त्याची प्रकृती सांगण्याची सवय खानदेशात मोटारीच्या आधीची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची गरज पडली आणि त्यानंतरच्या दशकांत खानदेशात सरकी काढण्याचे वाफेवर चालणारे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले. एरंडोलमध्येही असे जिन होते. या कारखान्यांत एकाच इंजिनाची शक्ती छताखालून जाणाऱ्या लांब दांड्याने, म्हणजे लाइन शाफ्टने, पट्ट्यांच्या मदतीने प्रत्येक जिनकडे नेली जाई. दांड्याला आधार देणारी बेअरिंगे कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूने आतून मढवलेली असत. तेल कमी पडले की हा मऊ धातू तापून वितळे आणि सारा कारखाना थांबे. हंगाम मोजक्या महिन्यांचा आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, अशा स्थितीत कोणते बेअरिंग कुरकुरते आहे हे दांडा न थांबवता ओळखणारा फिटर मोलाचा होता. पुढे विहिरींवर ऑइल इंजिने आली, शेतकऱ्याला स्वतःच्याच इंजिनाच्या ठोक्यातला फरक कळू लागला आणि ही श्रवणविद्या कारखान्याच्या भिंतीबाहेर पडली. मोटारीचे पहिले मिस्त्री याच वर्गातून आले असावेत असे मानण्यास जागा आहे, कारण लेथ, ओतकाम आणि बेअरिंग बसवण्याचे कसब दोन्हीकडे एकच लागत होते.

जीप ही मूळची लष्करी गाडी होय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या; त्यांचे सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन बार्नी रूस या अभियंत्याच्या देखरेखीखाली विकसित झाले होते. युद्ध संपताना भारतात सैन्याने विकायला काढलेल्या जीपा खासगी हातांत गेल्या आणि त्याच सुमारास, १९४५मध्ये, महिंद्र अँड मोहम्मद ही पेढी स्थापन झाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. सुट्या भागांच्या पेट्या आणून मुंबईत जीपांची जुळणी करण्यापासून सुरू झालेले काम १९५४नंतर विलीजच्या सहकार्याने टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत पोहोचले. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ ही १९५३ची अमेरिकी रचना महिंद्रने उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह पुढे कित्येक दशके बनवली, आणि ग्रामीण महाराष्ट्राने ‘जीप’ म्हणून जी गाडी ओळखली ती प्रामुख्याने हीच.

खानदेशातील खेड्यांनी ती प्रथम पाहिली सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, १९५३पासून हिवताप नियंत्रणाचा देशव्यापी कार्यक्रम आला आणि फवारणीची पथके गावोगाव फिरू लागली, तर १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे तालुक्याच्या गावातले नित्याचे दृश्य झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत वनखात्याच्या जीपा चालत आणि निवडणुकांत उमेदवारांच्या. या भागातील काळी कापसाची जमीन पावसात चिकट होऊन चाके धरून ठेवते. पुलाविना ओलांडाव्या लागणाऱ्या ओढ्या-नाल्यांची संख्याही कमी नव्हती. म्हणून चारही चाकांना शक्ती देणारी गाडी येथे चैन नव्हती. परंतु कारागिरीच्या इतिहासाच्या दृष्टीने या जीपांचे खरे आयुष्य सरकारी सेवा संपल्यावर सुरू झाले. ठरावीक वर्षे वा किलोमीटर झाले की खाते गाडी निर्लेखित करी, म्हणजे हिशेबातून वजा करी, आणि तिचा लिलाव होई. ती घेणारा शेतकरी, ठेकेदार किंवा प्रवासी वाहतूक करणारा चालक तिला पुन्हा उभी करी. लिलावातल्या गाडीचा गिअरबॉक्स एका गाडीचा, मागचा एक्सल दुसरीचा आणि इंजिन तिसऱ्याच वर्षाचे असणे यात काही नवल नव्हते. मुंबईचा ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, किंवा दिल्लीचे काश्मिरी गेट, येथून येणारे सुटे भाग, कधी अस्सल, कधी नकली आणि कधी दुसऱ्या गाडीतून काढलेले, त्यात भर घालीत. दुरुस्तीनंतरच्या आवाजाचे मूळ बहुतेक वेळा येथेच आहे: वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या प्रमाणात झिजलेले भाग एकमेकांत गुंतवले गेले की ते जेथे भेटतात तेथून गाडी बोलू लागते. मिस्त्रीच्या निष्काळजीपणावर सारा दोष टाकणारी गिऱ्हाइकांची समजूत त्यामुळे अर्धीच खरी म्हणावी लागेल.

जीप मुळात शांत गाडी नाही, ही निदानातली पहिली अडचण. साध्या मोटारीत सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून सरळ आरपार जाते आणि दात्यांवर भार राहत नाही. जीपमध्ये मात्र गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, जिला ट्रान्स्फर केस म्हणतात आणि जिचे काम शक्ती पुढच्या व मागच्या एक्सलमध्ये वाटून देण्याचे असते. विलीजच्या आणि महिंद्रच्या सुरुवातीच्या जीपांतील ‘मॉडेल १८’ या नावाच्या पेटीत मागे जाणारा दांडा उजव्या बाजूला सरकलेला असल्यामुळे शक्तीला कोणत्याही गिअरमध्ये मधल्या चक्रावरून वळसा घ्यावाच लागतो. परिणामी दात्यांची गुणगुण टॉप गिअरमध्येही थांबत नाही. या मधल्या चक्राचा आस आणि त्यावरील सुया, म्हणजे बारीक रोलर, झिजले की गुणगुणीची घरघर होते, पण ही झीज सावकाश होत असल्याने मालकाला ती ऐकू येत नाही. जीपच्या निदानात म्हणून ‘आवाज आहे का’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो. ‘हा आवाज या गाडीचा आहे की या दुखण्याचा’ एवढेच विचारण्यात अर्थ असतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी पुष्कळ धडधाकट जीपा ऐकलेल्या असाव्या लागतात. पुस्तकी प्रशिक्षण घेऊन आलेला तरुण आणि गॅरेजात वाढलेला मिस्त्री यांच्यातले अंतर नेमके या ठिकाणी उघडे पडते.

निदानाची पद्धत मात्र गूढ नाही. ती वजाबाकीची आहे. जीपमध्ये फिरणारे भाग तीन वेगांनी फिरतात: इंजिन आणि त्याला जोडलेले भाग इंजिनाच्या गतीने, प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलकडे शक्ती नेणारा दांडा, आणि पिनियन, म्हणजे त्याच्या टोकाचे लहान दातेरी चक्र, हे मागच्या एक्सलच्या प्रमाणात चाकाहून कितीतरी वेगाने, आणि चाके, ब्रेक-ड्रम व हबची बेअरिंगे रस्त्याच्या गतीने. गाडी उभी ठेवून इंजिनाची गती वाढवल्यावर आवाज आला तर चाके आणि एक्सल एका क्षणात संशयातून सुटतात. चालत्या गाडीत क्लच दाबून गिअर न्यूट्रलला टाकला आणि घसरत्या गाडीत आवाज तसाच राहिला तर इंजिन संशयातून सुटते. जुन्या जीपच्या मागच्या एक्सलमधील क्राउन चक्राला ४३ आणि पिनियनला ८ दाते असत, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रॉपेलर शाफ्टचे सुमारे ५.३८ फेरे होत. ताशी ४० किलोमीटर वेगाला या मापाच्या गाडीचे चाक सेकंदाला जवळपास ५ वेळा फिरते, शाफ्ट २७ वेळा, आणि पिनियनचे दाते सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा क्राउनला भिडतात. चाकातला दोष म्हणूनच मोजता येईल अशा ठोक्यांनी जाणवतो, शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्याच्या थरथरीने, आणि दात्यांचा दोष पुरुष गायकाच्या गळ्याला पेलेल अशा सुराने. मिस्त्री हे आकडे मांडत नाही, पण ‘धडधड’, ‘थरथर’ आणि ‘गुणगुण’ असे तीन वेगळे शब्द तो वापरतो तेव्हा तो हेच गणित सांगत असतो.

इंजिनाच्या पोटातही हीच वजाबाकी चालते. चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, त्यामुळे टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने होते आणि कनेक्टिंग रॉडच्या झिजलेल्या बेअरिंगचा ठोका पूर्ण गतीने. ‘सीजे-३बी’च्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते, म्हणून टॅपेटची सेटिंग दोन ठिकाणी करावी लागे, हेड उतरवून बसवलेल्या इंजिनात खालच्या टॅपेटकडे दुर्लक्ष झाले की टिकटिक कुठून येते हे वरच्या झाकणाशी कान लावून कधीच कळत नसे. ठोका कोणत्या सिलिंडरचा हे पाहण्यासाठी एकेक स्पार्क प्लगची वायर काढली जाई, डिझेल इंजिनात नॉझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट ढिला केला जाई. ज्या सिलिंडरचे काम थांबल्यावर ठोका मंदावला तोच दोषी.

क्लचची तपासणी याहून सुबक आहे आणि गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवल्यानंतर ती प्रथम केली जाते. पेडल दाबताच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचची प्लेट सोडवणारे बेअरिंग, संशयित ठरते. पेडल दाबताच आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या पहिल्या दांड्याचे बेअरिंग. आणि गाडी गिअरमध्ये असताना पेडल दाबल्यावरच आवाज आला तर फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसलेले छोटे पायलट बेअरिंग किंवा बुश, कारण फक्त त्या अवस्थेत फ्लायव्हील फिरत असते आणि दांडा थांबलेला असतो. तिन्ही भाग एकमेकांपासून वीतभर अंतरावर, पण पायाच्या एका हालचालीने ते वेगळे होतात. जगातल्या कोणत्याही कार्यशाळेत शिकवली जाणारी ही रीत एरंडोल, पारोळा, अमळनेरच्या गॅरेजांत छापील मॅन्युअलवाचून, उस्तादाकडून शागिर्दाकडे पोहोचली, यावरून तिची तर्कशुद्धता लक्षात यावी.

दुरुस्तीनंतर जे आवाज खास उद्भवतात त्यांत प्रॉपेलर शाफ्टचा आवाज अग्रक्रमाने येतो. या शाफ्टच्या दोन टोकांना चौफुलीच्या आकाराचे सांधे असतात. मिस्त्री त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात आणि त्यांचे तत्त्व सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो व सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्या नावांनी ओळखले जाते. वाकलेल्या कोनात फिरताना असा एक सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढचा भाग किंचित वेगाने आणि दोनदा किंचित सावकाश फिरवतो. दुसऱ्या टोकाचा सांधा त्याच पातळीत बसवला असेल तरच हा चढउतार उलटा होऊन नाहीसा होतो. शाफ्टच्या मध्ये लांबी कमी-जास्त होण्यासाठी खाचांची सरकती जोडणी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जुळवणीसाठी बाणाच्या खुणा असतात. क्रॉस बदलताना जोडणी सुटली आणि गंजाखाली किंवा ग्रीसखाली गेलेल्या खुणा न पाहता एखाद-दुसरी खाच चुकवून बसवली गेली, तर नव्याकोऱ्या क्रॉसची गाडी जुन्यापेक्षा जास्त थरथरते. गिऱ्हाईक नव्या मालाला दोष देते, मिस्त्री बाजाराला, आणि माल दोनदा बदलूनही थरथर कायम राहते. सगळ्या दुरुस्त्यांत सर्वांत स्वस्तात सुटणारे आणि सर्वांत महाग पडणारे दुखणे हेच असावे.

क्राउन-पिनियनचे प्रकरण याच्या उलट, म्हणजे महाग आणि क्वचित पूर्णपणे सुटणारे. एक्सलच्या पोटातील ही दोन चक्रे कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार केली जातात आणि जोडी ओळखण्यासाठी त्यांवर सारखा क्रमांक कोरलेला असतो. लिलावातल्या गाडीत तुटलेल्या पिनियनच्या जागी दुसऱ्या गाडीतले पिनियन बसवले की दोन अनोळखी झिजा समोरासमोर येतात आणि गाडी एका ठरावीक वेगाला रडू लागते. येथे मिस्त्री आणखी एक भेद करतो: ॲक्सिलरेटर दाबलेला असताना सूर निघतो की सोडल्यावर. ओढताना दात्याची एक बाजू भार घेते आणि सोडल्यावर दुसरी, त्यामुळे दोष कोणत्या बाजूला आहे, आणि पिनियन आत सरकवायचे की बाहेर, याचा अंदाज येतो. खात्रीसाठी दात्यांवर तेलात कालवलेला शेंदूर किंवा निळा रंग लावून, चक्र हाताने फिरवून, तो कुठे पुसला गेला हे पाहतात. सरकवण्याचे काम शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांनी होते. या जोडीला उच्च दाब सोसणारे विशेष तेल लागते. त्याऐवजी साधे इंजिन ऑइल भरले गेले तर काही दिवसांत दाते खरवडले जातात आणि मग शेंदरालाही सांगण्यासारखे काही उरत नाही.

काही आवाज दुरुस्तीने निर्माण होत नाहीत, उघडे पडतात. सायलेन्सर बदलला, इंजिन नव्याने बांधले आणि ते शांत झाले की आजवर त्याच्या धडधडीखाली दबलेली हबची घरघर प्रथमच ऐकू येते. गाडी गॅरेजात जाण्याआधी हा आवाज नव्हता, असे मालक शपथेवर सांगतो आणि त्याच्या कानांच्या दृष्टीने ते खरेही असते. वाद टाळण्यासाठी जाणते मिस्त्री काम हातात घेण्याआधी मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारतात, ज्याला सर्वत्र ‘ट्रायल’ म्हणतात, आणि कामानंतर त्याच रस्त्यावर दुसरी. पुष्कळ आवाज तर केवळ घट्ट-सैल यांचे असतात: पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, बदलल्यावर यू-बोल्ट ओझ्याखाली पुन्हा आवळावे लागतात आणि ते राहून जाते, इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे रबराची बैठक, बदलल्यावर इंजिन थोडे सरकते आणि सायलेन्सरचा पाइप चेसिसला टेकतो. पाइप टेकल्याचा आवाज तर एवढा खोल आणि भीतिदायक असतो की त्यापायी धडधाकट इंजिन उघडले गेल्याची उदाहरणे या धंद्यात नवीन नाहीत. म्हणूनच, शेवटी ज्या भागाला हात लागला तेथून शोध सुरू करावा आणि कोणताही मोठा भाग खोलण्याआधी बाहेरून जे जे टेकते, हलते वा घासते ते पाहावे, हा या धंद्यातला पहिला धडा मानला जातो.

१९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि या विद्येपुढे नवे प्रश्न उभे राहिले. ट्रॅक्टरसाठी १९६३पासून भारतात असलेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली, तिच्या जातकुळीचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले आणि १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवानाही घेतला गेला. परंतु गावोगावच्या जुन्या पेट्रोल जीपांना डिझेल करण्याचे काम कंपनीने नव्हे, गॅरेजांनी केले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये स्थानिक लेथवर कापलेली पोलादी प्लेट घालून दोन परके भाग जोडले जात. त्या प्लेटचे मध्य सुताभरानेही चुकले तर गिअरबॉक्सचा दांडा फ्लायव्हीलच्या मध्याशी भांडत राही आणि पायलट बुश वारंवार खाल्ले जाई. इंजिन जड असल्याने पुढचा भाग दबे, मग पाट्यांची संख्या वाढवली जाई, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदले आणि थरथर सुरू होई. शिवाय डिझेलचे स्फोट पेट्रोलपेक्षा कठोर असतात. पेट्रोल इंजिनाच्या मापाने बनवलेल्या गिअरबॉक्सचे दाते कमी गतीला त्या धक्क्यांनी खडखडतात. हा खडखडाट दोष आहे की बदलाची किंमत, यावर मिस्त्रींमध्ये आजही एकमत नाही. किफायतीच्या दृष्टीने हे रूपांतर योग्य होते यात शंका नाही, पण यंत्राच्या दृष्टीने ती तडजोड होती आणि आवाज हा तिचा कायमचा हप्ता होता.

फोर-व्हीलचा एक आवाज मात्र बिघाड नसतानाही येतो. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल जोडला गेल्यावर त्यांच्या गतीतला फरक शोषून घेणारा डिफरन्शियल मध्ये नसतो. चिखलात चाके थोडी घसरतात आणि हा फरक जिरतो. डांबरी रस्त्यावर तो शाफ्टमध्ये पिळासारखा साठत जातो आणि मग कडकडाट करून सुटतो. शेतातून महामार्गावर आल्यावर दांडी मागे घ्यायची राहिली, किंवा पुढची-मागची टायरे वेगळ्या मापाची असली, की नुकत्याच दुरुस्त केलेल्या गाडीचा गिअरबॉक्स ‘गेला’ असे वाटू लागते. ओढ्यातून गेलेल्या गाडीच्या एक्सलमध्ये पाणी शिरले तर तेल दुधाळ होते. अशा गाडीत आवाजाआधी तेल पाहणे शहाणपणाचे.

साधनांच्या बाबतीत ही विद्या काटकसरीची राहिली. फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१६मध्ये रोग्याच्या छातीवर कागदाची गुंडाळी ठेवून स्टेथोस्कोपचा पाया घातला. मिस्त्रीने तेच काम लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला आणि टोक बेअरिंगच्या घराला टेकवून केले. पोलादातून ध्वनी हवेपेक्षा सुमारे १५ पट वेगाने जातो हे या युक्तीचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते, पण निदानासाठी वेगाचा काही उपयोग नसतो. उपयोग होतो तो हवेतून येणारा बाकीचा गोंगाट वगळून एकाच ठिकाणचे कंपन कानापर्यंत आणण्याचा. या रीतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती उभ्या गाडीत चालते, भाराखाली चालणाऱ्या एक्सलपाशी नाही. आणि हातोड्याच्या व जनित्राच्या आवाजात आयुष्य काढलेल्या कारागिराचे कान सर्वांत आधी उंच सुरांनाच दगा देतात. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम गावोगाव नेला, त्यात मापनाची साधने शिकवली गेली, पण तेथील शिकाऊ गाड्यांना सहसा एकच दोष एका वेळी असतो. लिलावातल्या जीपला पाच असतात.

नव्वदच्या दशकात महिंद्रची कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स यांसारख्या गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात खानदेशातील प्रवासी वाहतुकीत उतरल्या. त्यांचा सांगाडा जीपच्याच परंपरेतला असल्याने जुन्या मिस्त्रींचे ज्ञान वाया गेले नाही, आणि क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या या गाड्यांनी हब, पाटे आणि क्रॉस यांच्या कामाचा तुटवडा कधी पडू दिला नाही. पुढच्या पिढीतल्या गाड्यांत संगणकीय नियंत्रण आले, १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि दोषाचा क्रमांक दाखवणारा स्कॅनर लहान गॅरेजांतही दिसू लागला. स्कॅनर इंजिनाच्या इंधनाचा आणि धुराचा हिशेब उत्तम ठेवतो, परंतु पिनियन रडते आहे की क्रॉस सुकला आहे हे सांगणारा संवेदक त्या गाड्यांतही नाही.

दुसरीकडे या विद्येला ज्या गाड्यांनी घडवले त्या संपत चालल्या आहेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण केंद्र शासनाने थांबवले असून अशी वाहने आता भंगारात काढली जातात. लिलावातून शेतकऱ्याच्या अंगणात येणारी चालती सरकारी जीप ही वाट त्यामुळे बंद झाली. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या नावाने धुळ्यात १९२७पासून संशोधन मंडळ आहे आणि कागदपत्रे जमवण्याची खानदेशातली परंपरा जुनी आहे, पण या कारागिरीचा कागदच कधी तयार झाला नाही. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि अभियांत्रिकी विभागांनी एकत्र येऊन हयात मिस्त्रींसोबत उरलेल्या जीपा चालवून पाहाव्यात, इंजिनाजवळ, ट्रान्स्फर केसखाली आणि मागच्या एक्सलवर ध्वनिमुद्रक लावून आवाज टिपून घ्यावेत, आणि प्रत्येक आवाजासोबत गाडीचे वर्ष, आधी झालेली दुरुस्ती, मिस्त्रीने सांगितलेले निदान व खोलल्यावर प्रत्यक्ष सापडलेला दोष या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. या कामाला फार पैसा लागणार नाही, मात्र ते लवकर हाती घेतले पाहिजे.